चेव्हिनवरची शिकार : एका छोट्या चित्राच्या प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

आजपासून सुरू करतेय. बरेच दिवस डोक्यात घोळत होतं, आता लिहून ठेवलं की मागे फिरता येणार नाही. टर्नर या इंग्लिश चित्रकाराचं एक छोटं चित्र आहे, १८१३ सालचं, ओटली चेव्हिन नावाच्या डोंगरावर वुडकॉक पक्ष्याची शिकार चाललीय असं. लंडनच्या वॉलेस कलेक्शन या संग्रहालयात असतं. साधारण २८ बाय ४० सेंटीमीटर, म्हणजे ए-थ्री कागदापेक्षा जरासं लहानच. आणि तो डोंगर इंग्लंडातल्या लीड्समधल्या माझ्या घरापासून बसने जाण्यासारखा! चार वर्षं इथे राहतेय, चेव्हिनवर डबा घेऊन दहा-बारा वेळा तरी गेले असेन, पण टर्नर याच उतारांवर फिरायचा हे मला गेल्या उन्हाळ्यात कळलं आणि तेव्हापासून चैन नाही.

काय करायचंय ते नीट लिहिते. नक्कल करायची नाहीये. त्याच डोंगरावर, त्याच मापात, शक्य तितक्या त्याच पद्धतीने माझं स्वतःचं चित्र करायचंय, त्यात शिकारीही असणार, १८१३ च्या वेषातले. पांढरा रंग वापरायचा नाही, पांढरं हवं तिथे कागदच दिसला पाहिजे. आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत संपवायचं.

चित्र आहे पाण्याच्या रंगातलं, पण त्या काळी इंग्लंडात अशा कामाला ड्रॉइंगच म्हणत, पेंटिंग म्हणजे तेलरंग. मला ते ड्रॉइंग म्हणणंच आवडतं, कारण खाली पेन्सिलची रेघ असते, वर पातळ रंगाचे थर, आणि हात कुठे थांबला ते दिसत राहतं.

रात्री सांगलीला मामांना फोन केला. मामा तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवायचे, माझी एलिमेंट्री-इंटरमिजिएट त्यांनीच करून घेतली. प्रिंटचा फोटो पाठवला होता. म्हणाले, "अगं, माणसं किती लहान काढलीयत बघितलंस का? आधी डोंगर पाठ कर. माणसं नंतर."

१३ ऑक्टोबर, रविवार

कालच दसरा झाला, सोनं वाटायला इथे आपट्याची पानं मिळत नाहीत, म्हणून आज चेव्हिनवर बर्चची पिवळी पानं बघून मनातल्या मनात घरच्यांना वाटली.

सकाळी नऊ ते दुपारी तीन डोंगरावर. पहिली गोष्ट जी प्रिंट बघून कळलीच नव्हती ती म्हणजे चेव्हिनचा उतार उत्तरेकडे तोंड करून आहे. ओटली गाव खाली, मध्ये व्हार्फ नदी, आणि पलीकडे फार्नली, जिथे टर्नरचा मित्र वॉल्टर फॉक्स राहायचा, फार्नली हॉलमध्ये. टर्नर १८०८ पासून जवळजवळ दरवर्षी तिथे मुक्कामाला यायचा. म्हणजे त्याला हा उतार समोरून, नदीपलीकडून रोज दिसायचा आणि मग चढून आत शिरल्यावर वेगळा दिसायचा. उत्तरेकडे तोंड म्हणजे ऑक्टोबरातसुद्धा ऊन माथ्यावरून येतं, उताराच्या पोटात शिरतच नाही. झाडांचे शेंडे पेटल्यासारखे पिवळे आणि बुंधे निळसर सावलीत! शिकारीच्या चित्रात हे फार कामाचं आहे, कारण माणूस त्या सावलीत उभा राहणार आणि पक्षी वर उजेडात जाणार.

माथ्यावर सरप्राइज व्ह्यू म्हणतात ती जागा, २८२ मीटर उंच. आपल्या सह्याद्रीपुढे काहीच नाही, पण दरी एकदम उघडते त्यामुळे उंच वाटतं. दगड मिलस्टोन ग्रिटचा, खरखरीत, वाळूचा, जात्यासाठी वापरायचे तो. बोटाने चोळला तर कण हाताला लागतात.

एकूण सात स्केचेस. पाच झाडांची, एक दगडाचं, एक नुसतं वाळलेल्या नेच्यांचं. नेच्यांचा रंग नुसता तपकिरी नाही, वरून तांबूस, मुडपलेल्या पानाच्या आत फिकट भगवा, आणि जमिनीलगत जवळजवळ काळा. हे तिन्ही रंग एका वितीत.

१९ ऑक्टोबर, शनिवार

कागदाचा दिवस. टर्नरच्या वेळेला इंग्लिश चित्रकारांचा लाडका कागद व्हॉटमनचा, केंटमधल्या मेडस्टोनजवळच्या टर्की मिलचा. आधीच्या कागदावर जाळीच्या रेघा उमटायच्या, व्हॉटमनने तारांच्या विणलेल्या जाळीवर बनवलेला गुळगुळीत कागद आणला तो १७५० च्या दशकात. चिंध्यांचा लगदा, आणि वरून जिलेटिनची खळ. ही खळ महत्त्वाची, तिच्यामुळे रंग वर तरंगत राहतो, ओल्या फडक्याने उचलता येतो, आणि कागद खरवडला तरी लगेच फाटत नाही. टर्नर हे सगळं करायचा. अख्खा कागद पाण्यात बुडवायचा, ओल्यावर रंग सोडायचा, पुसायचा, पावाच्या तुकड्याने उचलायचा, नखाने ओरबाडायचा. अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवलेलं होतं म्हणे.

फॉक्सच्या मुलाने, हॉक्सवर्थने, १८१८ मध्ये त्याला काम करताना शेजारी बसून बघितलं होतं. नाश्त्यानंतर सुरू केलं आणि जेवणाच्या वेळेआधी मोठ्या लढाऊ जहाजाचं चित्र तयार. तेही जवळजवळ याच मापाचं. आधी नुसता ओला गोंधळ, मग ओरबाडणं, घासणं, आणि हळूहळू त्यातून जहाज वर आलं. हे वाचल्यापासून माझ्या हाताला घाई झालीय.

कपाटात दोन प्रकारचा कागद होता. एक स्वस्त पॅड, एक जिलेटिनची खळ असलेला सुती, जड. चांगला कागद महाग आहे म्हणून पहिला प्रयोग पॅडवर करायचं ठरवलं.

२७ ऑक्टोबर, रविवार

आज घड्याळं एक तास मागे गेली. पहिला कागद वाया गेला.

पाण्यात पाच मिनिटं बुडवून बोर्डवर पसरला, मागच्या उताराला गेरू आणि इंडिगो, म्हणजे नीळ, मिसळून सोडले, छान पसरले, मी खूश. मग बर्चचा बुंधा काढायला अंगठ्याच्या नखाने ओरबाडलं तर कागदाच्या भाकरीच्या पापुद्र्यासारख्या साली निघाल्या, आणि त्या खड्ड्यात रंग शिरून पांढऱ्या बुंध्याऐवजी काळी जखम झाली. चुका दोन होत्या. कागद लाकडाच्या लगद्याचा, आणि मी अजून ओला असताना ओरबाडला. ओलसर आणि ओला यात फरक आहे. हाताची मागची बाजू कागदाला लावली तर गार लागला पाहिजे पण चमक गेलेली पाहिजे, तेव्हा नख चालवायचं. मामांनी हे शाळेत सांगितलं होतं, वॉश म्हणजे पातळ रंगाचा थर उचलायच्या वेळी, मी विसरले होते.

इंडिगोबद्दल थोडं. १८१३ मध्ये इंग्लंडात येणारी नीळ मुख्यतः बंगालची. म्हणजे या यॉर्कशायरच्या डोंगराच्या सावलीत आपल्याकडची नीळ असण्याची शक्यता चांगलीच आहे, आणि ती नीळ उजेडात उडते. जुन्या कितीतरी जलरंगांत आभाळ आज लालसर दिसतं, ते संध्याकाळ काढलीय म्हणून नव्हे, निळा उडून खालचा तांबडा उरलाय म्हणून. १८८८ मध्ये रसेल आणि ॲब्नी या शास्त्रज्ञांनी यावर मोठा अहवालच दिला होता. म्हणूनच जलरंग म्युझियममध्ये कायम भिंतीवर लावून ठेवत नाहीत. आज आपण जो रंग बघतो तो टर्नरने लावलेलाच असेल असं धरून चालायचं नाही, हे मी रंग मिसळताना सारखं स्वतःला बजावतेय. मी नीळ वापरणारच, पण चित्र पूर्ण झालं की कपाटात ठेवणार.

२ नोव्हेंबर, शनिवार

पाडवा. चकल्या केल्या, काम नाही. फक्त वाचन.

शिकार कोण करू शकत होतं हे बघत होते. १६७१ च्या कायद्याप्रमाणे ससे, तितर, फेझंट असली सावजं मारायचा हक्क फक्त वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची जमीन असलेल्यांना वगैरे होता, तो कायदा थेट १८३१ पर्यंत चालला. ज्याच्या शेतात ससा घुसला त्या साध्या शेतकऱ्यालाही तो मारायची मुभा नाही! वुडकॉक त्या यादीत येत नव्हता, पण जंगल आणि डोंगर मालकाचेच, त्यामुळे बंदूक कोणाच्या हातात आणि काठी कोणाच्या हातात हे ठरलेलंच. माझ्या चित्रात हाकारे असणार. रान उठवायला काठ्या घेऊन झुडपं झोडपणारी माणसं. त्यांना मी मालकाइतकंच नीट काढणार आहे.

९ नोव्हेंबर, शनिवार

आज पक्षी. टर्नरने फार्नलीला असताना फॉक्स कुटुंबाच्या पक्ष्यांच्या संग्रहासाठी २० पक्षी काढले होते, ते आज लीड्स आर्ट गॅलरीकडे आहेत. मेलेले पक्षी, पण पिसांचा मऊपणा असा की हात लावावासा वाटतो. त्यातला कक्कू पक्षी त्याने स्वतः फार्नलीच्या माळावर मारला होता, आणि ती तिथली आपली पहिली शिकार असं तो सांगायचा. म्हणजे हा माणूस शिकाऱ्यांच्या सोबत नुसता वही घेऊन बसलेला नव्हता. मासे धरायचा तर त्याला नादच होता. मला शिकार आवडत नाही, आजोळी भिंतीवर सांबराची शिंगं होती त्यांच्याखाली मी झोपायचे नाही. पण हे कळल्यावर चित्राकडे बघायची माझी नजर बदलली. गवतात तासभर गप्प उभं राहिलेल्या माणसाला रान जसं दिसतं तसं ते काढलंय.

वुडकॉक म्हणजे आपल्या पाणलाव्याचा चुलतभाऊ, लांब सरळ चोच, गुबगुबीत अंग, आणि अंगावर वाळलेल्या पानांचंच कापड. हिमालयातले वुडकॉक थंडीत आपल्या दक्षिणेच्या डोंगरात, निलगिरीपर्यंत उतरतात. डोळे डोक्यात इतके मागे की मान न वळवता सगळीकडचं दिसतं. दिवसभर पाचोळ्यात बसून राहतो, पायाखाली येईपर्यंत हलत नाही, आणि मग एकदम पंख फडफडवत उठतो आणि झाडांच्या मधून वाकडातिकडा जातो. म्हणून त्याला उठवायला हाकारे आणि छोटी कुत्री लागतात. कॉकर स्पॅनियल हे नावच वुडकॉकवरून पडलंय.

आणि एक फार सुंदर गोष्ट. वुडकॉकच्या प्रत्येक पंखाच्या टोकाशी एक बारीक ताठ पीस असतं, सुईसारखं. सूक्ष्मचित्रं काढणारे ते काडीला बांधून ब्रश म्हणून वापरायचे. मारला गेलेला पक्षी शेवटी चित्रकाराच्या हातात येतो हे वाचून मी बराच वेळ काही काम केलं नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

काल त्रिपुरी पौर्णिमा. इथले लोक नोव्हेंबरच्या पौर्णिमेला वुडकॉकचा चंद्र म्हणतात, कारण या दिवसांत स्कँडिनेव्हिया, रशियाकडून पक्षी समुद्र ओलांडून येतात. आई तिकडे देवळात वाती लावत होती, मी इकडे आज दुपारी तीन वाजता चेव्हिनच्या मधल्या वाटेवर.

सव्वाचारला दिसला. दिसला म्हणजे काय, ऐकू आला. वाटेच्या कडेच्या हॉलीच्या झुडपाखालून, माझ्या बुटापासून चार-पाच हातांवरून, कापड झटकावं तसा आवाज झाला आणि काहीतरी तपकिरी वर गेलं, दोन बुंध्यांच्या मधून डावीकडे, मग उजवीकडे, आणि उताराखाली नाहीसं. दोन सेकंद असतील. चोच खाली झुकलेली होती एवढं नक्की बघितलं. तिथेच बसून काढलं, हात थरथरत होता, थंडीनेही आणि आणखी कशानेतरीही. त्या स्केचमध्ये पक्षी जेमतेम एक ठिपका आणि एक रेघ आहे. पण ज्या जागेतून उठला ती जागा मात्र लख्ख आठवतेय. पाचोळ्यात बशीएवढा खळगा, पानं दाबलेली, अजून ऊब असेल म्हणून हात लावला, नव्हती.

चित्रात पक्षी कुठे घालायचा ते ठरलं. मध्यावर नाही. दोन बुंध्यांच्या मधल्या फटीत.

२३ नोव्हेंबर, शनिवार

बर्ट वादळ. सकाळी बर्फ, दुपारनंतर पाऊस. बाहेर जाणं शक्यच नव्हतं, खिडकीतूनच आभाळ काढलं. याच चेव्हिनवर आलेलं वादळ टर्नरने फार्नलीहून बघितलं होतं, हॉक्सवर्थला हाक मारून बाहेर बोलावलं आणि एका पत्राच्या मागे भराभर टिपून घेतलं, आणि त्याला म्हणाला की दोन वर्षांनी हे तुला पुन्हा दिसेल. १८१२ मध्ये ते दिसलं, सेनापती हॅनिबल आल्प्स ओलांडतोय त्या मोठ्या तेलचित्रात. ज्या टेकडीवर लोक कुत्री फिरवायला जातात तिचं वादळ आल्प्सच्या डोक्यावर! आणि पुढच्याच वर्षी त्याच टेकडीवरची ही शांत, छोटी शिकार. मला हे दोन्ही एकत्र ठेवून बघायला आवडतं.

३० नोव्हेंबर, शनिवार

दुसरा कागद, चांगला. सकाळी सातला भिजवला. आधी कोरड्यावर पेन्सिलने फक्त चार गोष्टी. उताराची तिरकी रेघ, तीन मोठे बुंधे, दगड, वाट. माणसांच्या जागा नुसत्या टिंबांनी.

ओल्यावर आधी फिकट पिवळा सगळीकडे, अगदी आभाळातही. मग गेरू. मग उताराच्या पोटात नीळ आणि बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी, खालून वर. रंग एकमेकांत शिरताना काही करायचं नाही, हात मागे बांधून उभी राहिले. साडेनऊला चमक गेली. हाताची मागची बाजू लावली, गार. अंगठ्याचं नख, यावेळी सहा आठवडे वाढवलेलं, वरून खाली एकदा ओढलं आणि बर्चचा बुंधा आला, पांढरा नव्हे, फिकट राखाडी, मध्ये मध्ये तुटलेला, अगदी सालीसारखा. ब्रशने मला तो जन्मात जमला नसता. लगेच दुसरा ओढला. तिसरा जास्त जाड झाला, त्याला नंतर सावली देऊन दगडाआड ढकलला.

पावाचा प्रयोगही केला. शिळ्या पावाचा आतला मऊ भाग ओलसर रंगावर दाबून उचलला की धुक्यासारखी कडा राहते. दरीकडची सगळी धूसर कडा अशी झाली.

१ डिसेंबर, रविवार

धूर. हा माझ्या आवडीचा भाग होता आणि अवघडही.

१८१३ म्हणजे ठासणीची बंदूक. नळीत वरून दारू, मग बोळा, छर्रे, पुन्हा बोळा, गजाने ठासायचं. आणि चकमक. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी कानाशी असलेल्या छोट्या वाटीतल्या दारूवर पडते, ती पेटते, मग आतली पेटते. म्हणजे धूर दोनदा. एक शिकाऱ्याच्या गालाशी छोटा, आणि एक नळीच्या तोंडाशी मोठा, आणि मध्ये क्षणभराची फट, तेवढ्यात पक्षी पुढे गेलेला असतो. फोरसिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने १८०७ मध्ये चकमकीऐवजी स्फोटक भुकटीची युक्ती पेटंट केली होती, तीसुद्धा या धुरामुळेच, पक्षी ठिणगी बघून बिचकायचे म्हणून. पण ती सगळीकडे पसरायला वेळ लागला.

मी तोच मधला क्षण घेतला. गालाशी छोटा धूर आलाय, नळीतून अजून नाही. वाळलेल्या रंगावर चाकूचं टोक आडवं धरून अगदी हलकं खरवडलं, फक्त कागदाचे वरचे उंचवटे मोकळे होतील इतकंच. नखाएवढी जागा. तीन वेळा श्वास रोखून.

शिकारी चार सेंटीमीटर उंचीचा झालाय, दोन हाकारे त्याहून लहान. एकाच्या पायाशी कुत्रं, त्याचं तोंड झुडपात, मागचा भाग फक्त दिसतो.

७ डिसेंबर, शनिवार

आज पुन्हा वादळ, घरीच. आधी बराच वेळ ब्रश हातात घेतला नाही.

ऑगस्ट १८१६ बद्दल वाचत होते. त्या वर्षी उन्हाळा आलाच नाही, तांबोरा ज्वालामुखी आदल्या वर्षी फुटला होता, यॉर्कशायरमध्ये पावसाने टर्नर चिंब. बीम्स्ली बीकन टेकडीवरच्या ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीचं त्याचं चित्र साधारण त्याच काळातलं, तेही वॉलेस कलेक्शनमध्ये आहे. आणि त्याच ऑगस्टमध्ये फॉक्सचा धाकटा भाऊ रिचर्ड शिकारीत चुकून गोळी लागून गेला. टर्नर तेव्हा त्या घरचाच पाहुणा होता.

हे कळल्यावर मी माझ्या चित्रातल्या मागच्या हाकाऱ्याकडे बघितलं. नळीच्या रेषेत नाहीये, पण फार लांबही नाही. मी त्याला हलवलं. ओल्या ब्रशने भिजवून, फडक्याने टिपून, उचलला, कागदाने साथ दिली, आणि दगडाच्या मागे अर्धा लपलेला पुन्हा काढला. चित्राच्या दृष्टीनेही बरंच झालं, तिथे आता मोकळी सावली आहे. पण मी हलवला तो चित्रासाठी नाही.

वॉल्टर फॉक्स १८२५ मध्ये गेला. त्यानंतर टर्नर फार्नलीला कधीच परत गेला नाही, पुढे २६ वर्षं जगला तरी.

१४ डिसेंबर, शनिवार

पूर्ण. पावणेचारला अंधार पडला, त्याआधी शेवटचं काम पक्ष्याचं. दोन बुंध्यांच्या फटीत तांबूस बर्न्ट सिएना आणि अंबरचा एक ठिपका, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, आणि चोचीची एक रेघ खाली झुकलेली. पानांच्या रंगातच ठेवला, वेगळा उठून दिसू दिला नाही. त्या खळग्याची जागा शिकाऱ्याच्या पुढे, खाली, पाचोळ्यात जरा गडद केली.

रात्री मामांना कॅमेऱ्यासमोर धरून दाखवलं. चष्मा पुसून आले. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "उतार जमलाय. पाय घसरेल असा आहे." मग, "पक्षी कुठाय?" मी सांगितलं नाही. दोन-तीन मिनिटं गेली असतील, मामी मागून चहा ठेवून गेली. "हां. दोन झाडांच्या मध्ये. बरोबर." आणि मग लगेच, "त्या खालच्या हाकाऱ्याची काठी फार सरळ आलीय गं, पट्टी धरल्यासारखी. रानातली काठी आहे ती."

काठी आत्ता ओल्या ब्रशने दोन ठिकाणी मोडून घेतली. वाळतेय.